मणेरणीच्या हातातला हात

माझ्या बांगड्या मीच फोडत होते. थोडीथोडकी नाही, चांगली सहा वर्षं. नौबादच्या आमच्या घरात दुपारी अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, जरा आडव्या झाल्या की मी जात्यापाशी जाऊन बसायची आणि मनगट जात्याच्या कडेवर हळूच आपटायची. एका वेळी एक, फार तर दोन. तुकडे पदरात गोळा करायचे आणि ओरडायचं, "अवो अव्वा, बांगडी वाढली की!" फुटली म्हणायचं नाही, आमच्यात वाढली म्हणतात. सवाष्णीनं मुद्दाम बांगडी फोडली तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं मला शिकवलं होतं. आमच्या मालकांना काहीएक झालं नाही. ऐंशीच्या वर जगले, शेवटपर्यंत मिशीला कलप लावून. आता ते नाहीत, अव्वा नाहीत, मला कोणाची भीती उरली नाही, म्हणून लिहायलेय.

रागानं फोडत असेन असं वाटेल तुम्हाला. राग होताच, मी काही गरीब गाय नव्हते. पण बांगडी फोडायची ती मणेरीण, म्हणजे बांगड्या भरणारी, यावी म्हणून. ती आली की माझा हात हातात धरायची. दुसरं कोणी धरत नव्हतं.

माझं माहेर हुलसूरचं. वडिलांचं भुसाराचं दुकान, घरात अर्धं कन्नड अर्धं मराठी, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. निजामाच्या राज्यात आमच्यासारख्या मुलींना शाळा कुठली, पण अप्पांनी दुकानात पोत्यावर बसवून मला मराठी अक्षरं गिरवायला लावली, ती आज कामाला आली. पंधराव्या वर्षी मला नौबादला दिली. बीदर तिथून चालत जाण्यासारखं. मालक तिथल्या कचेरीत अहलकार होते, म्हणजे कारकून. पण कारकून म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. काळी शेरवानी, डोक्याला रूमी टोपी, उंच, गोरे, आवाज असा की रस्त्यानं बोलत निघाले तर माणसं हातातलं काम टाकून ऐकत उभी राहायची. माझ्या मैत्रिणी लग्नात मला चिमटे काढत होत्या. "बया, हा तुला मिळाला होय गं!" मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

पहिली दोन वर्षं गोड गेली. तेही खोटं सांगणार नाही. कचेरीतून आले की शेरवानीच्या गुंड्या मी सोडायच्या, आणि ते वरून माझ्या केसांत तोंड खुपसायचे. मी भाकरी थापायला बसले की पाठीमागून येऊन मानेवर फुंकर घालायचे, आणि अव्वा खोकल्या की साळसूदपणे पाण्याचा तांब्या शोधायचे. माझा हात असाच, विनाकारण, मांडीवर घेऊन बसायचे. आणि विचारायचे, "आज मी कसा दिसत होतो?" रोज विचारायचे. मी सांगायची. कचेरीतल्या कोणत्या साहेबानं त्यांचं अक्षर वाखाणलं, कोण त्यांच्या बोलण्यावर फिदा झाला, ते ऐकून मी डोळे मोठे करायची. कधी मी कामात असले आणि नुसतं हं म्हटलं, तर मांडीवरचा हात अलगद बाजूला ठेवला जायचा. मला वाटायचं, दमले असतील. सतरा वर्षांची होते, काय कळत होतं मला!

मग तालुकदारसाहेब दौऱ्यावर येणार होते. त्यांच्यापुढं सलाम कसा करायचा याची तालीम मालक घरी आठ दिवस करत होते. भिंतीवरच्या आरशासमोर शेरवानी घालून उभे राहायचे, कमरेत वाकायचे, हात जमिनीपर्यंत नेऊन कपाळाला लावायचे, एकदा नाही, सात सात वेळा. आणि मोठ्या साहेबाला पाठ दाखवायची नाही म्हणून वाकत वाकतच मागं सरायचे. शेवटल्या दिवशी असे मागं सरता सरता त्यांचा पाय पाण्यानं भरलेल्या घंगाळात गेला. सुरवार गुडघ्यापर्यंत भिजली, टोपी घरंगळत चुलीपाशी गेली. मी हसले. अगं माय, किती हसले! लुगड्याचा पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. त्यात कुचेष्टा नव्हती. उलट त्या घडीला ते मला जितके आवडले तितके कधीच आवडले नव्हते. मी हसतच त्यांना सावरायला हात पुढं केला.

त्यांनी तो धरला नाही. स्वतःच उठले, टोपी उचलली, फुंकली, आणि म्हणाले, "तुला तहजीब नाही. आपण कोणाच्या घरात आलोय हे तुला कळत नाही."

त्या दिवशी त्यांचं अंथरूण बाहेरच्या बैठकीत गेलं; रोज पहाटे अव्वा उठायच्या आत मालक ते गुंडाळून आत आणून ठेवायचे, म्हणून अव्वांना कधी कळलं नाही. मी म्हटलं दोन दिवस, फार तर चार. आठव्या दिवशी मी पाया पडले. त्यांनी पाय सतरंजीखाली ओढून घेतले आणि गोड आवाजात म्हणाले, "माफ केलं. ऊठ." पण हात पाठीमागं बांधलेलेच. माफ केलं म्हणजे काय, हे मला पुढची सात वर्षं समजून घ्यायचं होतं.

तुम्ही म्हणाल, भांडण झालं असेल, मारहाण झाली असेल. छे! आवाज कधी चढला नाही. तेच तर अवघड होतं. मी विडा करून पुढं धरला की ते म्हणायचे, तबकात ठेव. मग तबकातून घ्यायचे. अंगणात येता-जाता माझा पदर त्यांच्या बाहीला लागला तर ती जागा दोन बोटांनी झटकायचे, पीठ लागल्यावर झटकतात तशी. एकदा मला ताप भरला, तेव्हा स्वतः जाऊन बीदरहून हकीम आणला. हकीम माझी नाडी बघत बसला, आणि हे दारात उभे राहून त्याला सांगायलेत की तीन रात्री यांच्या डोळ्याला डोळा नाही, यांना अन्न गोड लागत नाही. हकिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या कपाळाला हात त्या परक्या म्हाताऱ्यानं लावला. हा माझा माणूस उंबऱ्याच्या आत आला नाही.

माहेरी गेले तेव्हा आईपाशी विषय काढायचा प्रयत्न केला. पण कोणत्या तोंडानं काढणार? आमच्या भाषेत त्याला शब्दच नव्हता, निदान मुलीनं आईला सांगण्यासारखा. मी म्हटलं, "आई, ते माझ्याशी बोलत्यात, पण..." आई तूर पाखडत होती. म्हणाली, "मारत्यात का?"

"न्हाई."

"पित्यात? बाहेरचा नाद हाय?"

"न्हाई गं."

"मंग कामून रडायलीस? असा जावई हुलसुरात कोनाला न्हाई." आणि खरंच, मला घ्यायला आले तेव्हा अख्खी गल्ली त्यांना बघायला जमली होती. सगळ्यांची विचारपूस केली, अप्पांच्या पाया पडले, मला टांग्यात बसवताना हात धरल्यासारखा केला. धरला नाही. चार बोटांचं अंतर होतं, ते फक्त मला दिसलं.

माणसाला अंग असतं हो. मी अठरा वर्षांची होते. मला काय पाहिजे होतं ते सांगायला आता या वयात लाज कसली? मला माझा नवरा पाहिजे होता, त्याचं वजन, त्याचा वास, सगळं. पण हळूहळू ती मागणीही आटत गेली. शेवटी एवढंच राहिलं की कोणीतरी माझ्या अंगाला आपण होऊन हात लावावा. मी शेजारणीच्या म्हशीच्या गळ्याशी उभी राहायची, तिची कातडी थरथरली की बरं वाटायचं. हे कोणाला सांगायचं? हसतील लोक.

अशात एकदा खरोखरच विहिरीच्या काठावर हात आपटून माझ्या चार बांगड्या गेल्या. मोकळा हात अव्वांना चालेना, त्यांनी मणेरणीला बोलावलं. ती दर गुरुवारी बीदरहून यायची, डोक्यावर टोपली, टोपलीत दोऱ्यात ओवलेल्या बांगड्या. साठीची मुसलमान बाई, दात दोन-तीनच, पण हात! अंगणात बसली, माझा हात आपल्या गुडघ्यावर घेतला, करडईच्या तेलाचं बोट लावलं आणि दाबायला लागली. आधी तळवा, मग बोटांची एकेक पेरं, मग अंगठा करंगळीखाली वळवून सगळा पंजा आपल्या मुठीत. बांगडी जितकी घट्ट तितकी चांगली बसते म्हणतात, म्हणून ती हात लोण्यासारखा मऊ करूनच बांगडी चढवायची. तोंडानं चालूच, "ढिल्ला छोड गे बेटी, हात ढिल्ला छोड." मी हात सैल सोडला, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"दुखा क्या?" ती घाबरली.

"न्हाई, न्हाई. कर तू."

तिनं माझ्याकडं बघितलं.  आणि दुसऱ्या हाताला दुप्पट वेळ लावला. बांगड्या भरून झाल्या की मणेरणीला नमस्कार करायची आमच्याकडं रीत आहे. मी वाकले, तिनं डोक्यावर हात ठेवला, आणि मी तशीच वाकून राहिले. अव्वा म्हणाल्या, "ऊठ की, काय झोपलीस का?"

त्याच्या पुढच्या बुधवारी मी जात्यापाशी गेले.

 पहिली बांगडी फोडली तेव्हा देवाची क्षमा मागितली, मालकांच्या नावानं पाच वेळा लिंगाला पाणी घातलं. दुसऱ्या वेळी तीन वेळा. मग मोजायचं सोडून दिलं. दर आठवड्याला नाही, महिन्यातून दोनदा, कधी मन फारच उदास असलं तर तीनदा. अव्वा मणेरणीला बांगड्यांच्या मोलाची ज्वारी सुपातून घालायच्या आणि कुरकुरायच्या, "तुझ्या हाताला काय काटे हायत का गं?" मणेरीण तेलाचं बोट लावायची. मी डोळे मिटून घ्यायची. अर्धी घटका. त्यावर माझे पंधरा दिवस निघायचे.

पण गाव आंधळं नसतं. विहिरीवर बायकांनी ताडलं की हिच्या हातात दर पंधरा दिवसांनी नव्या बांगड्या. आता तरण्याताठ्या बाईच्या बांगड्या एवढ्या कशानं वाढतात, याचा अर्थ बायकांनी त्यांच्या परीनं लावला. शेजारची अक्का, भारी वाह्यात बाई, घागर भरता भरता म्हणाली, "का गं, दादला झोपू देईना झालाय का काय?" सगळ्या खो खो हसल्या. एक म्हणाली, "माझ्या बांगड्या लग्नापासून त्याच हायत बघ, नशीबच फुटकं!" मी खाली बघितलं. लाजेनं नव्हे, दचकून. पण त्यांना ते लाजणंच दिसलं. मला वाटलं सांगावं, बायांनो, असं काही नाही. पण मग कसं आहे, ते सांगावं लागलं असतं. मी घागर उचलली आणि चालू पडले.

बायकांकडून ते नवऱ्यांच्या कानावर, आणि तिथून मालकांच्या. कसं कळलं मला? एके दिवशी कचेरीतून आले ते शीळ घालत. आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे. बैठकीत दोन-चार स्नेही आले होते, मी पाणी घेऊन गेले तर त्यांच्यादेखत हसून म्हणाले, "जरा जपून. बांगड्या जपून." स्नेही खाली बघून गालात हसले. एकानं यांच्या पाठीवर थापही मारली.

मी तांब्या टाकला नाही, एवढंच माझ्या हातात होतं. चुलीपाशी येऊन बसले. संताप तर इतका आला की विस्तव हातात धरला असता तरी कळलं नसतं. माझ्या भुकेचा हा माणूस तुरा करून टोपीत खोवायला निघालाय! आणि तरी, बघा मन किती निर्लज्ज असतं, मला आशाही वाटली. म्हटलं, असं नाव झालेलं त्यांना आवडतंय. निदान नावापुरतं तरी ते खरं करतील. त्या संध्याकाळी केस धुतले, मोगरा माळला. ते बैठकीत जाऊन दार लावून झोपले. सकाळी उठून मला म्हणाले, "मोगऱ्याचा वास फार झाला. डोकं दुखलं."

पुढं तर ते सगळीकडं चालू झालं. पाहुणे आले की जपून. टांग्यात बसताना जपून. मी बांगड्या फोडणं बंद करावं तर मणेरीण गेली, आणि फोडाव्या तर यांच्या मिशीला पीळ. दोन महिने मी सोडून बघितलं. हात जड झाले, भाकरी वळेना. पुन्हा जात्यापाशी गेले.

अव्वांचा हिशेब वेगळाच. त्यांनी मला हकिमाचे काढे पाजले, सोमवार धरायला लावले, आणि सरतेशेवटी म्हणाल्या, "इतकी पिरीत, इतक्या बांगड्या, आन् कूस कशी उजवंना? खोट तुझ्यातच हाय." मालक जेवत होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. एक शब्द, फक्त एक, बोलायचा होता त्यांना. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, उसासा सोडला आणि म्हणाले, "असतं एकेकाचं नशीब." तो उसासा माझ्याबद्दल होता. म्हणजे दोष माझा, आणि दया यायची ती त्यांची!

नागपंचमी आली. आमच्याकडं पंचमी म्हणजे लेकी-सुनांचा सण. झोके, लाह्या, आणि घरोघर बांगड्या भरणं. आमच्या अंगणात दुपारी पंधरा-वीस बायका जमल्या होत्या, मध्ये मणेरीण, आणि तिच्या गुडघ्यावर माझा हात. अव्वा लाह्या वाटता वाटता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दसरा झाला की गुलबर्ग्याकडची एक पोरगी बघायची हाय. घराला दिवा तर पायजे."  अक्काच म्हणाली, "अवो, पण मालकांचा हिच्यावर इतका जीव..." तेवढ्यात मालक बाहेर जायला निघाले. शेरवानी, टोपी, अत्तर. बायकांची गर्दी बघितली, थांबले, आणि तेच. "भरा, भरा. चांगल्या जाड भरा. आमच्या घरात टिकत नाहीत."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी हात मणेरणीच्या हातातून काढला. पंचमीच्या दिवशी, भरल्या अंगणात, उंबऱ्याच्या दगडावर मनगट आपटलं. तीन बांगड्या एकदम गेल्या, काच शिरून रक्त आलं. कोणीतरी "अगाई!" म्हणालं.

"अशा वाढत्यात माझ्या बांगड्या," मी म्हटलं. "अशाच. मी फोडते. ही म्हातारी येऊन माझा हात धरंल म्हनून फोडते. ह्या मानसानं सात वर्षं झाली, माझ्या बोटाला बोट लावलं न्हाई. मूल काय वाऱ्यानं व्हतंय का अव्वा? इचारा त्यांना. माझ्या समोर इचारा!"

झोका हलायचा थांबला. अव्वांच्या हातातलं सूप कलंडून लाह्या मातीत पडल्या. आतून कसं हलकं वाटत होतं. म्हटलं, आता बोलू दे. चिडू दे, शिव्या देऊ दे, हात उगारू दे. एकदा तरी खरं काहीतरी या माणसाच्या तोंडून निघू दे.

मालकांनी एकवार सगळ्या बायकांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. सावकाश. मग जोडे काढले, बायकांमधून वाट काढत आले, शेरवानीसकट मातीत माझ्यापुढं बसले, आणि माझा रक्ताळलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"लेकरू नाही ना," ते बायकांकडं बघत म्हणाले. आवाज भरून आलेला. "मनाला लावून घेतलंय तिनं. काहीबाही बोलते. मी तुला कधी बोल लावला का गं? अव्वा, गुलबर्ग्याला निरोप धाडू नका. दुसरी मी करणार नाही. आहे ती अशी असली तरी माझी आहे." आणि रुमाल काढून माझं रक्त पुसलं.

अक्का रडायला लागली. मागून कोणीतरी म्हणालं, "देवमानूस हाय गं." अव्वांनी डोळ्याला पदर लावला. वेडी बिचारी, असं एकीनं दुसरीच्या कानात सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.  मणेरीण तेवढी मान खाली घालून काचेचे तुकडे वेचत होती.

आता खरं सांगायचं ते हेच. मी हिसडा मारायला पाहिजे होता. पुन्हा ओरडायला पाहिजे होतं की बायांनो, हे तुमच्यासाठी चाललंय, माझ्यासाठी नाही. मला सगळं कळत होतं. पण त्यांचे हात गरम होते. अंगठा माझ्या तळव्यावर फिरत होता, अगदी पहिल्या वर्षी फिरायचा तसा, आणि माझं सगळं अंग त्या एका तळव्यात येऊन बसलं होतं. एकेक बाई निरोप घेऊन उठत होती. शेवटची बाई दाराबाहेर पडेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.